गॅरेजची चकाकती फरशी आणि कारागिराची छाती

परवा संध्याकाळी दवाखान्यातली गर्दी ओसरत आली असताना पंचविशीतला एक तरुण आत आला. भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या पिठाच्या गिरणीतून उठून आल्यासारख्या पांढुरक्या झालेल्या. तोंडाला बांधलेली दस्ती आता गळ्यात लोंबत होती. "डॉक्टरसाहेब, तीन दिस झाले, खोकला थांबंना. कायतरी जालीम औषध द्या, उद्या काम उरकायचंय," एवढेच त्याचे म्हणणे. मी घसा पाहिला, छाती तपासली. ताप नव्हता, वजन घटलेले नव्हते. मग मी त्याला एक प्रश्न विचारला. हा प्रश्न विचारायला माझ्या व्यवसायाची पहिली दहा-अकरा वर्षे मला सुचले नव्हते. "काम काय करतोस?"

ढोकी रस्त्याकडच्या एका नव्या बंगल्यात गाडी ठेवण्याच्या खोलीची फरशी तो करत होता. बंगल्याचे मालक माझ्या ओळखीचे निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना मी मुद्दाम तिकडे वाट वाकडी केली. शटर अर्धे खाली ओढलेले होते. का, तर समोरच्या घरात धूळ जाते म्हणून शेजारच्या बाईंनी तक्रार केली होती. आत दोघेजण कोबा घासत होते आणि पिवळ्या दिव्याच्या उजेडात मला त्यांचे फक्त पाय नीट दिसत होते.

वाचकांपैकी अनेकांनी ही नवी फरशी अजून पाहिली नसेल, म्हणून आधी ती काय असते ते सांगतो. जुनी मोझॅकची फरशी आठवा. शाळा, बँका, सरकारी कचेऱ्या, एसटीच्या इमारती यांत ती सर्रास असे. संगमरवराच्या कपच्या सिमेंटमध्ये बसवायच्या, वाळल्यावर यंत्राने घासून त्यांची तोंडे उघडी करायची आणि शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लावून चकाकी आणायची. नवी फरशी त्याच कल्पनेची, फक्त पदार्थ बदलले आहेत. सिमेंटच्या जागी इपॉक्सी नावाचे रसायन आले आणि संगमरवराच्या जागी रंगीत पापुद्र्यासारख्या पातळ चकत्या. कारागीर त्यांना 'फ्लेक' म्हणतात. इपॉक्सी आपल्याला अगदीच अनोळखी नाही. फुटलेली कपबशी चिकटवताना दोन नळ्यांतला पदार्थ काडीने कालवून लावतात, तो अ‍ॅराल्डाइट याच कुळातला. पुण्याकडे चाकण, भोसरीच्या कारखान्यांत अशा लेपाच्या जमिनी फार पूर्वीपासून आहेत. तिथे कामाला गेलेली आपली पोरे ही विद्या शिकून आली आणि आता मोटारींच्या शोरूममधून ती बंगल्यांच्या पोर्चपर्यंत पोहोचली.

काम असे चालते. कोबा टाकल्यावर साधारण अठ्ठावीस दिवस तो पक्का होऊ देतात. मग त्यावरची गुळगुळीत साय हिऱ्याच्या दात्यांच्या यंत्राने घासून काढतात, कारण सायीवर लेप धरत नाही. काही जण घासण्याऐवजी अ‍ॅसिड ओतून तेच साधतात. भेगा भरतात. मग दोन डब्यांतले रेझिन आणि हार्डनर कालवून रोलरने पसरतात आणि ते ओले असतानाच मुठीने चकत्या वर उधळतात, अगदी अक्षता टाकाव्यात तशा, जमीन दिसेनाशी होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी न चिकटलेल्या चकत्या खरवडून झाडून काढायच्या आणि वर पारदर्शक लेप द्यायचा. दोन-तीन दिवसांत फरशी तयार. तेलाचा डाग पुसून निघतो, झाडताना कोब्याची बारीक पूड उठत नाही, पाणी मुरत नाही. दिसायला छान दिसते हे तर आहेच.

फरशी तयार झाल्यावर तिचा त्रास फारसा नाही. त्रास आहे तो करतानाच्या दोन-तीन दिवसांचा. त्यातला जरासा घरच्यांना होतो आणि बहुतेक सगळा त्या गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला. त्यातही सर्वांत मोठा धोका पहिल्याच पायरीला, म्हणजे घासण्याच्या धुळीत आहे.

सिमेंटच्या कोब्यात वाळू आणि खडी असते. वाळूत सिलिका, म्हणजे गारगोटीच्या जातीचा पदार्थ असतो. यंत्राने ती दळली गेली की तिचे इतके बारीक कण होतात, की माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली तर हे कण पाच मायक्रॉनपेक्षाही लहान. उन्हाच्या कवडशात नाचताना दिसते ती धूळ जाडी. ती नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव अडवतात, आपण ती शिंकून, खाकरून टाकतो. दिसत नाही ती धूळ सरळ फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांत जाऊन बसते. तिथे शरीराच्या भक्षक पेशी असतात. जंतू आला की त्याला गिळून टाकणे हे त्यांचे काम. त्या सिलिकाचा कणही गिळतात, पण तो पचत नाही, उलट पेशीच मरते. मरताना तिच्यातून जे द्रव्य सुटते त्याने आजूबाजूला सूज येते आणि कण पुन्हा मोकळा होतो. मग दुसरी पेशी येते. असे वर्षानुवर्षे चालते आणि स्पंजासारख्या मऊ फुप्फुसात जखमेच्या व्रणासारख्या टणक गाठी तयार होतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तयार झालेल्या गाठी विरघळवणारे औषध आजही नाही. धुळीचे काम सोडले तरी काही जणांत रोग पुढे सरकतच राहतो.

रोज थोडी धूळ गेली तर लक्षणे दिसायला दहा-पंधरा किंवा त्याहूनही जास्त वर्षे लागतात. बंद खोलीत खूप धूळ गेली तर पाच वर्षांतही, आणि अतिशय जबर प्रमाणात गेली तर काही महिन्यांतही माणूस अडचणीत येतो. आपल्या भागातल्या काळ्या दगडात मोकळी सिलिका तुलनेने कमी असते. पण वाळूचे तसे नाही. शिवाय फरशीवाला काही फक्त कळंबातच काम करत नाही. तो पुण्याला जातो, हैदराबादला जातो, आज कोबा तर उद्या ग्रॅनाइट घासतो. ग्रॅनाइटमध्ये सिलिका भरपूर असते. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी जो कृत्रिम 'क्वार्ट्झ' दगड निघाला आहे, त्यात तर ती नव्वद टक्क्यांपर्यंत असते. तो कापणारे तरुण कारागीर इतक्या संख्येने आजारी पडले, की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडाच्या वापरावरच बंदी घातली.

आता एक कबुली द्यायची आहे.

गोष्ट २००८ सालची. तालुक्यातल्याच एका खेड्यातला चाळिशीचा माणूस माझ्याकडे आला. खोकला, दम, अंगावरचे मांस झडलेले. एक्स-रे काढला तर दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात ठिपके. आपल्याकडे खोकला, वजन घटणे आणि वरच्या भागात डाग म्हटले की डॉक्टरच्या तोंडी एकच शब्द येतो, तोच माझ्या तोंडी आला: क्षय. थुंकीत जंतू सापडले नाहीत, पण थुंकीत न सापडणारा क्षयही असतो, असे मी स्वतःला समजावले. सहा महिने औषधे झाली. दम तसाच. मग दुसऱ्यांदा, सुयांसकट आठ महिने. त्या काळात दुसऱ्यांदा उपचार करायची तशी पद्धत होती. एकूण चौदा महिने. तेवढ्यात घरात त्याचे ताट-तांब्या वेगळे झाले. लेकरांना त्याच्या मांडीवर बसू देत नसत. थोरल्या मुलीचे जमत आलेले लग्न फिसकटले, कारण पाहुण्यांना कुणीतरी 'बापाला टीबी आहे' असे सांगितले. हे सगळे मला पुढे कळले. मी तेव्हा फक्त गोळ्यांची पाकिटे मोजत होतो.

शेवटी त्याला घेऊन मी अंबाजोगाईला छातीच्या एका तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला, क्षणभर पाहिला आणि माझ्याकडे न बघता त्याला विचारले, "मामा, काम काय करता?" तो म्हणाला, "सोळा वर्षं झाली, पॉलिशची मशीन चालवतो. पुण्याला, हैदराबादला. मोझॅक, ग्रॅनाइट, काय असंल ते." चौदा महिन्यांत मी त्याला हे विचारले नव्हते. माझ्या कागदावर 'मजुरी' एवढे लिहिलेले होते. त्याला क्षय नव्हता, सिलिकोसिस होता. २०१३ साली तो गेला, पंचेचाळिशीत.

डॉक्टरांसाठी हा प्रश्न नवा नाही. इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्याने सन १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. दगडफोड्यांच्या छातीच्या रोगाचे वर्णन त्यात आहे, आणि रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर त्याचा धंदा कोणता हेही विचारावे असा सल्लाही आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा सल्ला माझ्यापर्यंत पोहोचायला उशीर झाला, इतकेच. आपल्या देशात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्यांत आणि गुजरातमध्ये खंबातला अकीक घासणाऱ्यांत हा रोग फार झाला. मंदसौर आणि खंबातचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला. सिलिकाच्या अशा धुळीने फुप्फुसाचा कर्करोगही होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली जाहीर केले. राजस्थान सरकारने २०१९ साली अशा रोग्यांसाठी स्वतंत्र धोरण केले, त्यात आर्थिक मदतही आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याच्या रोगांत घातला होता. पण बंगल्याचे गॅरेज म्हणजे कारखाना नव्हे. तिथे निरीक्षक येत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. हे वाचून कुणीही स्वतःची चालू असलेली क्षयाची औषधे बंद करू नयेत. सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसात क्षयाचे जंतू इतरांपेक्षा सहज घर करतात, म्हणजे एकाच माणसाला दोन्ही रोग असू शकतात, आणि मग क्षयाची औषधे नेहमीपेक्षा जास्त महिने घ्यावी लागू शकतात. थुंकीची यंत्रावरची नवी तपासणी सरकारी रुग्णालयामार्फत फुकट होते, ती करून घ्यावीच. माझे म्हणणे इतकेच, की डॉक्टरने विचारले नाही तर रुग्णाने आपणहून सांगावे: मी फरशी घासतो, मी दगड फोडतो, मी खडीच्या मशीनवर आहे, मी बोअरच्या गाडीवर असतो. बोअरची धूळही याच जातीची आहे, हे आपल्या दुष्काळी तालुक्यात विसरून चालणार नाही.

मग त्या दिवशी गॅरेजमध्ये काय केले? आधी शटर पूर्ण वर करायला लावले आणि शेजारच्या बाईंना मीच जाऊन समजावले. धूळ त्यांच्या घरात जाते हे खरे, पण शटर लावले तर ती त्या पोरांच्या छातीत जाते. त्यावर त्यांनीच सुचवले, की दुपारी त्या माहेरी जाणार आहेत, तेव्हा घासून घ्या. खिडक्या बंद केल्या की त्यांचा प्रश्न मिटला. असे प्रश्न बहुधा बोलून मिटतात.

धूळ उठूच न देणे हा खरा उपाय. पाणी सोडून घासायची यंत्रे मिळतात. मोझॅकवाले पूर्वापार पाण्यातच घासत आले आहेत आणि त्यांचा तो रस्त्यापर्यंत वाहणारा पांढरा चिखल पाहून आपण नाके मुरडत होतो. प्रत्यक्षात तो चिखल होता म्हणूनच ती धूळ हवेत उडत नव्हती. मात्र हातातल्या साध्या विजेच्या ग्राइंडरवर बादलीने पाणी ओतण्याचा शहाणपणा करू नये. शॉक लागून माणूस जागच्या जागी जाईल. ज्या यंत्राला पाण्याची नळी मुळातच जोडलेली असते, तेच वापरायचे आणि तेही जमिनीत वीज उतरू लागताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर. पाणी नको असेल तर दात्यांभोवती झाकण आणि त्याला धूळ ओढणारे यंत्र जोडलेले असते, तशी व्यवस्था गुत्तेदाराकडे मागावी. तो म्हणेल दर वाढेल. थोडा वाढेलच. शेवटी झाडताना कोरडा केरसुणीचा फराटा मारू नये. ओला केलेला लाकडाचा भुसा पसरून मग झाडावे, नाहीतर दिवसभर खाली बसलेली धूळ पुन्हा उठते.

दस्ती बांधल्याने काही होत नाही का? माशा आणि जाडी धूळ अडते. पाच मायक्रॉनच्या कणाला दस्तीचे विणकाम म्हणजे उघडे दार. कोरोनाच्या वर्षांत आपण सगळ्यांनी जे एन-९५ मास्क पाहिले, तसा निदान हवा, आणि तोही नाकाच्या दांडीवर पट्टी दाबून, दोन्ही पट्टे डोक्यामागे घेऊन. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते. हिरवा-निळा पातळ मास्क या कामाचा नाही.

बाकीच्या पायऱ्यांचे थोडक्यात सांगतो. घासण्याऐवजी अ‍ॅसिड वापरले तर धूळ नाही, पण वाफ आहे. बंद जागेत ती डोळे आणि श्वासनलिका जाळते. पातळ करताना पाण्यात अ‍ॅसिड ओतायचे, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. ब्लीचिंग पावडर किंवा संडास धुण्याचे दुसरे औषध त्यावर टाकले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. अंगावर उडाले तर वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नये. आणि उरलेले अ‍ॅसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून जिन्याखाली ठेवण्याची जी आपल्याकडे रीत आहे, ती मोडली पाहिजे. तहानलेले पोर वास घेऊन पाणी पीत नाही. असा घोट कुणी घेतलाच तर उलटी करवू नये, सोडा पाजू नये. तोंड पाण्याने खळखळून धुवावे आणि त्या बाटलीसकट सरळ रुग्णालय गाठावे.

इपॉक्सीचे दुखणे वेगळे, ते कातडीचे. हार्डनर आणि न वाळलेले रेझिन हाताला लागत राहिले, की काही जणांना त्याची अ‍ॅलर्जी जडते. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग फोड, पाणी, भेगा. हात डोळ्यांना लागतो म्हणून पापण्याही सुजतात. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा जन्माची सोबत करते. पुढे नुसत्या शिंतोड्यानेही अंग उठते आणि माणसाला हा धंदाच सोडावा लागतो. अशा दोघांना मी पाहिले आहे. दोघेही काम संपल्यावर हात थिनरने धूत होते. थिनर कातडीचे तेल काढून घेते आणि रसायनाला आत जायला वाट करून देते. साबण आणि पाणीच बरे. हातमोजे सुती नकोत, ते रसायन पिऊन कातडीला धरून बसतात, पातळ रबरीही फार टिकत नाहीत, नायट्राइलचे हवेत. ते शहरातल्या शल्यसाहित्याच्या दुकानांत मिळतात. हातात चकत्या घेऊन उधळतानाही मोजा हवाच, कारण उधळणारा तोच हात ओल्या लेपाजवळ असतो.

वरच्या पारदर्शक लेपांपैकी काहींत आयसोसायनेट जातीची रसायने असतात. त्यांच्या वाफेने दमा नव्याने सुरू होऊ शकतो. अशा माणसाला काम करताना काही वाटत नाही, आणि रात्री दोनला छाती भरून येते. दोन दिवस सुट्टी घेतली की बरे, कामावर गेले की पुन्हा तेच. हा धागा रुग्णाने डॉक्टरला सांगायलाच हवा. धुळीचा एन-९५ या वाफेला अडवत नाही. त्यासाठी कोळशाची डबी लावलेला मुखवटा लागतो. कोणते रसायन आहे हे डब्यावर छापलेले असते. वाचता येत नसेल तर दवाखान्यात येताना डबाच घेऊन या, निदान त्याचा फोटो.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि ठिणगीची वाट पाहते. तिथे विडी ओढू नये, इतके सांगून पुरते असे मला वाटत असे. पण त्या गॅरेजच्या कोपऱ्यात देवाचा दिवा लावलेला होता, नव्या वास्तूचा. मालकांनी तो आत देवघरात नेला. उन्हाळ्यात आणखी एक. कालवलेले इपॉक्सी बादलीत तसेच राहिले तर आपल्या आपण तापते, धूर सोडते, प्लास्टिकची बादली वितळवते. चाळीस-बेचाळीस अंशांच्या वैशाखात हे फार लवकर होते. थोडे थोडे कालवावे आणि कालवले की लगेच जमिनीवर पसरावे.

वीज गेली की जनरेटर आणतात. तो गॅरेजच्या आत, आवाज बाहेर नको म्हणून, ठेवल्याचे मी पाहिले आहे. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या सुमारे दोनशे पट ओढीने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते. माणसाला वाटते थकवा आला. दोघेही तिथेच कलंडू शकतात. जनरेटर उघड्यावर, दार-खिडकीपासून लांब. यात तडजोड नाही.

घरच्यांनी काय करावे? लेप ओला असेपर्यंत आणि नंतरही दोन-तीन दिवस तान्ही मुले, गरोदर बाई आणि दम्याचे रुग्ण यांची सोय दुसरीकडे करावी. गॅरेजमधून घरात उघडणारे दार असेल तर खालच्या फटीत ओले फडके कोंबावे आणि बाहेरचे शटर उघडे ठेवावे. आणखी एक सूचना म्हाताऱ्या माणसांच्या घरांसाठी. नुसता चकचकीत लेप पावसाळ्यात ओल्या चपलेखाली साबणासारखा निसटतो आणि सत्तरीनंतर खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. वर लेप देताना चकत्यांची खरबरीत टोके थोडी जाणवत राहतील असे कारागिराला सांगावे, किंवा लेपात खरखरीत भुकटी मिसळून घ्यावी. पाय ठेवून पाहा. आरशासारखी दिसते म्हणून खुश होऊ नका. आणि खरे विचाराल तर, गाडी ठेवायला साधी शहाबादीही पुरते. पण हौसेला मोल नसते, आणि या हौसेवर त्या पोरांचे पोट आहे.

त्या तरुणाचा एक्स-रे मी काढून घेतला. निर्मळ आहे. फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणीही ठीक निघाली. तीन वर्षेच झाली आहेत त्याला या धंद्यात. दरवर्षी एकदा दोन्ही तपासण्या करून घ्यायच्या, असे ठरले आहे. विडी सोडायची म्हणाला आहे, बघू. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंद नव्हती. आदल्या वर्षातल्या नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला त्यासाठी लागतो. तो दाखला गुत्तेदाराकडून मिळवायला त्याला तीन खेपा घालाव्या लागल्या. मालकांनी दुसऱ्याच दिवशी दोघांना मास्क आणून दिले. घासायचे यंत्र मात्र कोरडेच राहिले, कारण पाण्याचे यंत्र लातूरहून आणायला दोन दिवस लागले असते आणि वास्तुशांतीची तारीख ठरलेली होती.

माझ्या दवाखान्यातल्या कागदावर नाव, वय, गाव यांच्या खाली आता 'काम' असा रकाना छापलेला आहे. पुष्कळ जण त्यात अजूनही 'मजुरी' असेच सांगतात. मग पेन खाली ठेवून विचारावे लागते, "कसली?"